रूळ नदीपलीकडे गेले : कॅन्ससमधल्या निकोडेमसची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्य भागातल्या ग्रॅहम काउंटीत 1910 साली सुमारे 8,700 माणसं राहत होती. 2020 च्या जनगणनेत ती 2,415 भरली. त्या भागातल्या बहुतेक काउंट्यांची गत अशीच आहे: विहिरीचं पाणी, गहू, थोडं तेल आणि शहराकडे गेलेली मुलं. ग्रॅहमचं नाव बाहेर ठाऊक असतं ते मात्र तिच्या पूर्वेकडच्या एका इवल्याशा वस्तीमुळे. निकोडेमस ही यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांनी मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला वसवलेल्या वस्त्यांपैकी सर्वांत जुनी, आजही टिकून असलेली वस्ती.

गुलामगिरी 1865 साली कायद्यानं संपली, पण गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांत पोट भरायचं तर जुन्या मालकाच्याच शेतात बटाईनं राबायचं, अशी स्थिती होती. 1877 मध्ये केंद्राच्या फौजांचं संरक्षणही गेलं. कॅन्सस हे गुलामगिरीविरुद्ध लढून 1861 साली संघराज्यात आलेलं राज्य, गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचललेल्या जॉन ब्राऊनची कर्मभूमी. शिवाय 1862 च्या होमस्टेड कायद्यानं पाच वर्षं कसून दाखवणाऱ्याला 160 एकर सरकारी जमीन मिळत होती. ज्यांच्या नावावर कधी वाफाभर जमीन नव्हती, त्यांना हा आकडा काय वाटला असेल!

एप्रिल 1877 मध्ये गाव वसवण्यासाठी निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली. तिच्यात सहा कृष्णवर्णीय आणि एक गोरा होता. अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ कृष्णवर्णीय, तर डब्ल्यू. आर. हिल हा जमिनीचे व्यवहार करणारा गोरा. केंटकीतल्या चर्चांमधून हिल भाषणं देत फिरला, पत्रकं वाटली गेली आणि सप्टेंबरमध्ये तीनशेच्या आसपास माणसं आली. 1879 साली मिसिसिपी आणि लुईझियानातून हजारोंचा जो लोंढा कॅन्ससकडे निघाला, त्यात अनेकदा या लोकांनाही धरतात. ते बरोबर नाही. हे दोन वर्षं आधी आले होते आणि ठरवून, गटानं आले होते.

रेल्वेनं एलिसपर्यंत यायचं आणि तिथून उत्तरेला पस्तीसेक मैल पायी. 1878 च्या वसंतात आलेल्या गटात विलियाना हिकमन होत्या. एलिसमध्ये मुक्काम असताना गोवरानं गटातली काही मुलं दगावली होती. पुढे दोन दिवसांची चाल झाल्यावर पुरुष ओरडले, ते बघा निकोडेमस! विलियानाबाईंना घर काही दिसेना. विचारलं तर जमिनीतून वर येणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं गेलं. माणसं जमिनीत खणलेल्या घरांत राहत होती. तो देखावा बघून आपल्याला रडू कोसळलं, असं त्यांनी पुढे सांगून ठेवलं आहे. पहिल्या गटातली साठेक कुटुंबं तर आल्यापावलीच परतली होती. हिलला फासावर लटकवायला लोक निघाले होते असंही सांगतात, आणि पत्रकातली वर्णनं पाहता ते खोटं वाटत नाही.

जे राहिले त्यांच्याकडे घोडे जेमतेम होते, त्यामुळे पहिली जमीन कुदळ-फावड्यानं फोडली गेली. सरपण म्हणून सूर्यफुलाची धाटं आणि रानरेड्यांच्या शेण्या. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूलनिवासी जमातीच्या लोकांनी मांस दिलं म्हणून निभावलं, ही आठवण तिथल्या घराघरांत आहे. पुरुष मजुरीला दूर रेल्वेच्या कामावर जात आणि जमिनीवरचा हक्क राखायला बायका-मुलं मागे राहत. या गावाचा खरा पाया त्या बायकांनी घातला, असं माझं मत आहे. झॅकरी फ्लेचर पहिले पोस्टमास्तर झाले, त्यांच्या पत्नी जेनी पहिल्या शिक्षिका.

1880 साली काउंटीचा कारभार रीतसर सुरू झाला, तेव्हा हंगामी क्लार्क म्हणून नेमणूक झाली एडवर्ड मॅक्केब यांची. ते 1878 मध्ये इथे आलेले. 1882 साली ते कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले, 1884 मध्ये पुन्हा आले. दक्षिणेबाहेर कृष्णवर्णीयाला इतकं मोठं निवडणुकीचं पद तोवर क्वचितच मिळालं होतं. काउंटीचं मुख्यालय मात्र निकोडेमसला कधीच आलं नाही. आधी मिलब्रूक, आणि 1887 च्या चक्रीवादळात मिलब्रूक उद्ध्वस्त झाल्यावर 1888 मध्ये हिल सिटी. हिल सिटी म्हणजे त्याच हिलनं वसवलेलं दुसरं गाव. एका हातानं निकोडेमसची जाहिरात करणाऱ्याचा दुसरा हात कुठे गुंतला होता, हे लक्षात घ्यायला हवं.

तरी 1887 पर्यंत निकोडेमस भरात होतं. बँक, हॉटेलं, चर्च, दोन वृत्तपत्रं. दुकानदारांत गोरेही होते. उणीव होती ती रेल्वेची. मिसूरी पॅसिफिक या रेल्वे कंपनीला ओढण्यासाठी मतदारांनी 16,000 डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली, पण कंपनी आलीच नाही. 1888 मध्ये युनियन पॅसिफिकनं रूळ टाकले ते सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून. रुळांलगत, निकोडेमसपासून काही मैलांवर बोग नावाचं नवं गाव उभं राहिलं आणि व्यापारी तिकडे गेले. काहींनी तर इमारतीसुद्धा उचलून नेल्या. पैसा आणि मतं असूनही मार्ग ठरवणं गावाच्या हातात नव्हतं. मॅक्केबही पुढे ओक्लाहोमाला गेले आणि तिथे लँग्स्टन हे गाव वसवलं.

शेतकरी मात्र हलले नाहीत. जमीन त्यांच्या नावावर होती. 1930 च्या दशकातल्या दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी ती ताकदही मोडली. 1953 मध्ये पोस्ट ऑफिस बंद झालं.

त्यानंतरचं निकोडेमस बाहेर गेलेल्यांच्या जोरावर टिकलं. जुलैच्या शेवटच्या आठवड्याअखेरीस वंशज देशभरातून गावी येतात. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलाममुक्तीच्या 1 ऑगस्टवरून सुरू झालेला हा मुक्तिदिन आता घरवापसीचा मेळा झाला आहे. त्यांच्याच पाठपुराव्यामुळे 1996 साली गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलं. दोन चर्च, हॉटेल, शाळा आणि टाउनशिप हॉल या पाच वास्तू त्यात येतात. हॉल 1939 साली, मंदीत बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून बांधलेला.