पत्र्याखालची थंडी आणि हीटरचा हिशोब

मागच्या जानेवारीत आईच्या देवघरासाठी एक छोटा ड्रॉवर बनवत होतो. सांध्यांना लाकडाचा पांढरा ग्लू लावला, क्लॅम्प आवळले आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी क्लॅम्प सोडला तर सांधा हातातच उघडला, आणि आत ग्लूचा पारदर्शक थर असायला हवा होता तिथे खडूसारखी पांढरी भुकटी. ग्लू खराब नव्हता, गॅरेज थंड होतं. पांढऱ्या ग्लूमध्ये प्लास्टिकचे अगदी बारीक गोळे पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो. पण साधारण १० अंशांच्या खाली ते गोळे कडक राहतात, एकमेकांत मिसळतच नाहीत, आणि मग उरते ती भुकटी.

ग्वाल्हेरची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. जानेवारीत रात्री पारा ५-६ अंशांवर सहज येतो, त्यात कोहरा (दाट धुकं) पडला की दिवसभर ऊन नाही, आणि ती गलन, म्हणजे ओली बोचरी थंडी, हाडांत शिरते. लष्कर या ग्वाल्हेरच्या जुन्या भागातल्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती दिवसाची ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवायच्या. आमचं गॅरेज मात्र घराला चिकटून बांधलेलं, १८ बाय १० फूट, वर पत्रा, समोर लोखंडी शटर. बोटांची कातडी साधारण १५ अंशांच्या खाली गेली की बोटं नीट वळत नाहीत, आणि अशा बोटांनी ग्राइंडर धरणं म्हणजे सरळ धोका आहे. म्हणून हीटर घ्यायचं ठरवलं, मेळ्यातून २ किलोवॅटचा पंखेवाला ब्लोअर आणला, तासभर चालवला, आणि थर्मामीटर ८ वरून १३ वर जाऊन तिथेच अडकला.

मला हे पटेना, कारण हिशोब वेगळंच सांगत होता. एवढ्या गॅरेजमध्ये हवा असते साधारण ६० किलो (हो, हवेलाही वजन असतं आणि ते बरंच असतं). ती १० अंशांनी तापवायला जेमतेम ६०० किलोज्यूल लागतात, म्हणजे २ किलोवॅटच्या हीटरला फक्त ५ मिनिटं. मग तासभर दिलेली उष्णता गेली कुठे?

वर गेली. नुसता पत्रा म्हणजे थंडीसाठी जवळजवळ उघडं छत. आत-बाहेर १० अंशांचा फरक ठेवायचा तर माझ्या छतातूनच साधारण अकराशे वॅट बाहेर जातात, विटांच्या तीन भिंतींतून पाच-सहाशे, शटरच्या लोखंडातून साडेतीनशे आणि त्याच्या फटींतून येणाऱ्या वाऱ्यामुळे तेवढेच. बेरीज जवळपास अडीच किलोवॅट. त्यात गार विटा पहिले काही तास नुसती उष्णता पीत राहतात. माझा २ किलोवॅटचा ब्लोअर ही लढाई जिंकणारच नव्हता.

म्हणून माझं ठाम मत आहे की हीटर निवडायच्या आधी वर बघा. पत्र्याखाली दोन इंच जाड रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) आणि त्याखाली सिमेंट बोर्ड लावला की छतातून जाणारे अकराशे वॅट शंभर-सव्वाशेवर येतात. थर्मोकोल स्वस्त पडतो, पण जिथे ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात तिथे तो डोक्यावर लावू नका, तो पेटतो आणि वितळून खाली ठिबकतो. शटरच्या खालच्या फटीला रबराची पट्टी, आतून जाड ताडपत्रीचा पडदा, पायाखाली रबर मॅट. आणि हेच छत मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हातही तुम्हाला वाचवतं, म्हणजे खर्च एकदा आणि फायदा दोन्ही ऋतूंत.

आता हीटर. दुकानदार सांगतील अमका हीटर वीज कमी खातो, तमका जास्त गरम करतो, पण कॉइल असो, ऑइलवाला असो की क्वार्ट्झच्या दांड्यांचा, १ युनिट विजेतून प्रत्येकाकडून साधारण ८६० किलोकॅलरीच मिळतात. फरक आहे तो उष्णता कुणाला मिळते यात. ब्लोअर हवा तापवतो, ती हवा वर पत्र्याला जाऊन भेटते, शिवाय तो लाकडाचा भुसा आत खेचतो आणि लालभडक कॉइलवर भाजतो, तो जळका वास आला की मी आता लगेच स्विच बंद करतो. ऑइलवाल्यात तेल जळत नाही, ते फक्त उष्णता साठवतं. त्याचा पृष्ठभाग लाल होत नाही म्हणून भुशाजवळ तो जास्त सुरक्षित, पण गरम व्हायला वेळ लावतो, तासाभराच्या कामाला निरुपयोगी.

क्वार्ट्झचा हीटर मात्र हवेला जवळजवळ बाजूला ठेवतो. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १८०० साली प्रिझममधून ऊन पाडून प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवले आणि त्याला दिसलं की लाल रंगाच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे पारा सगळ्यात वर जातोय. तीच अवरक्त किरणं. ती सरळ येऊन तुमच्या हातांवर आणि बाकावर पडतात, मधली हवा ८ अंशांची असली तरी. कोवळ्या उन्हात गच्चीवर बसल्यावर वाटतं ना, तसं. दांडी जितकी जास्त तापते तितका हा झोत वाढतो, आणि भरमसाट वाढतो, कारण तो केल्विनमधल्या (म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या) तापमानाच्या चौथ्या घाताने चढतो. माझ्या बाकाच्या वर भिंतीवर ८०० वॅटचा एक लावलाय आणि एकट्याने काम करताना तेवढा पुरतो. फक्त थिनर किंवा स्प्रे पेंटचं काम असलं की बंद. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीवर साठते, म्हणून जमिनीवर ठेवलेला हीटर तर त्या कामात नकोच.

काका म्हणाले, "अरे, एवढा खर्च कशाला, शेगडी पेटव, आम्ही वाड्यात हेच करायचो." मी म्हटलं, "काका, वाड्याला उघडा चौक होता, इथे शटर बंद करून बसायचंय." कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला फक्त झोप येते. बंद गॅरेजमध्ये शेगडी कधीच नको. गॅस हीटरला तोच धोका, आणि वर आणखी एक: १ किलो एलपीजी जळली की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. ती सगळी गार वाइसवर, रंध्याच्या पात्यावर दव होऊन बसते आणि आठवड्यात गंज.

रोज चार-पाच तास काम करणाऱ्याने सरळ हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी घ्यावा. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरची आत आणतो. ८ अंशांच्या हवेत कसली उष्णता असं वाटेल, पण एसीच्या नळ्यांत फिरणारा आर-३२ हा वायू साध्या दाबाला उणे ५२ अंशांवर उकळतो, त्याच्या दृष्टीने ग्वाल्हेरची रात्रसुद्धा गरमच. बाहेरची उष्णता आत आणायची ही कल्पना १८५२ साली विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झाले त्यांनी, मांडली होती. १ युनिट वीज खाऊन असा एसी साधारण ३ युनिट उष्णता देतो. कोहऱ्यात बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतं तेव्हा ते वितळवायला काही मिनिटं थांबतो, ते बिघडलेलं नसतं. फिल्टर मात्र दर आठवड्याला धुवा, भुसा बसतो.

वायरिंगचं तर आवर्जून सांगतो. २ किलोवॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर, त्याला १६ अँपिअरचा सॉकेट आणि अडीच स्क्वेअर एमएमची वायर हवी. ट्यूबलाइटसाठी टाकलेल्या वायरवर एक्स्टेन्शन लावून हीटर चालवू नका. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते, आणि वेटोळं करून ठेवलेलं एक्स्टेन्शन तर ती बाहेरही टाकू शकत नाही. माझ्या बोर्डचा प्लग हात लावून पाहिला तेव्हा चटका बसला होता, त्याच दिवशी वेगळी लाइन टाकून घेतली.

आणि ग्लूसाठी अख्खं गॅरेज तापवायची गरजच नाही हे मला उशिरा कळलं. प्लायचा एक खोका केलाय, आत एका कोपऱ्यात ६० वॅटचा पिवळा बल्ब, प्लायपासून चांगला लांब, जाळीच्या पिंजऱ्यात. लाकडं आणि ग्लूची बाटली ग्लू लावायच्या आधी दोन तास त्यात ठेवतो, मग क्लॅम्प लावून तो अख्खा ड्रॉवर संध्याकाळी मी जागा असेपर्यंत त्यातच. आत २२ अंश असतात. देवघराचा ड्रॉवर दुसऱ्यांदा तसाच चिकटवला, आई आता त्यात वाती आणि कापूर ठेवते.