होस्ट्स फाइल आणि डॉट लोकल: नाव एकच, उत्तर देणारा वेगळा

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.२० हा आकडा न टाकता नुसतं ‘डीव्हीआर’ (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं नाव) टाकलं आणि कॅमेरे दिसले, की घरात सगळ्यांना वाटतं, आपल्या नेटवर्कला नावं कळायला लागली. बहुतेक वेळा नाव कळलेलं असतं त्या एकाच लॅपटॉपला. कुणीतरी त्याच्या होस्ट्स फाइलमध्ये तशी ओळ लिहून ठेवलेली असते. शेजारच्या मोबाइलवर तेच नाव टाकून बघा, काही उघडत नाही.

होस्ट्स ही साधी मजकुराची फाइल: आधी आयपी पत्ता (यंत्राचा तो आकडा), मग नाव. १९८३ साली डीएनएसची, म्हणजे नाव विचारलं की पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरची, कल्पना पुढे आली, त्याआधी इंटरनेटचा पूर्वज असलेलं अख्खं अर्पानेट अशाच एका यादीवर चालायचं. विंडोजमध्ये ती सिस्टम३२ च्या आत ‘ड्रायव्हर्स’ आणि मग ‘ईटीसी’ या फोल्डरात असते. बदलायला अॅडमिनचे हक्क लागतात, आणि नोटपॅड गुपचूप शेवटी ‘टीएक्सटी’ जोडून ठेवतं. मग ओळ बरोबर असूनही काम होत नाही. मोबाइलवर तर रूट केल्याशिवाय (म्हणजे कंपनीनं घातलेलं कुलूप तोडल्याशिवाय) या फाइलला हातच लावता येत नाही.

‘प्रिंटर.लोकल’ सारख्या नावामागे अशी यादी कुठेच नसते. तिथे चालतं एमडीएनएस. खळ्यात उभं राहून ‘प्रिंटर कोण रे?’ अशी हाक मारावी आणि ज्याचं नाव त्यानं ओ द्यावी, तसं. हाक जाते २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्यावर, ५३५३ या पोर्टवर. अॅपलच्या बाँजूर या सोयीत हे आधीपासून होतं, २०१३ साली त्याचं रीतसर मानक झालं. लिनक्सवर हेच काम अवाही नावाचा प्रोग्राम करतो, विंडोज १० मध्येही सोय आहे. एकाच नावाची दोन यंत्रं आली, तर दुसरं सहसा स्वतःच्या नावापुढे २ लावून घेतं.

आपल्याकडे पावसाळ्यात खरा फरक कळतो. दिवसातून चारदा लाइट जाते, राउटर बंद-चालू होतो, आणि कित्येक स्वस्त राउटर वाटलेले पत्ते विसरून नव्यानं वाटतात. होस्ट्समधली ओळ मात्र जुन्याच .२० कडे बोट दाखवत राहते, आणि तिथे आता होमस्टेतल्या पाहुण्याचा फोन बसलेला असतो. डॉट लोकलला याचं सोयरसुतक नाही, कारण ते दर वेळी नव्यानं विचारतं. म्हणून होस्ट्स वापरायचीच असेल, तर आधी राउटरमध्ये त्या यंत्राचा पत्ता राखून ठेवा.

पण डॉट लोकलचंही एक दुखणं आहे. चिऱ्याच्या जाड भिंतीतून वायफाय पडवीपर्यंत पोचत नाही, म्हणून तिथे दुसरा राउटर बसवला जातो. केबल त्याच्या वॅन पोर्टात (इंटरनेटची केबल लावायच्या खोबणीत) खोचली, की पडवीचं नेटवर्क वेगळं होतं. हाक राउटर ओलांडत नाही, त्यामुळे पडवीतून माजघरातला प्रिंटर नावानं सापडत नाही. गंमत म्हणजे पडवीतल्या लॅपटॉपच्या होस्ट्समध्ये पत्ता असेल, तर तो सहसा उघडतो. उपाय सोपा: दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय पुढे नेतो. तो मोड नसेल, तर केबल लॅन पोर्टात (घरातली यंत्रं जोडायच्या खोबणीत) घाला, त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरच्या पत्त्याहून वेगळा ठेवा. पाहुण्यांच्या ‘गेस्ट’ वायफायवर मात्र हाक बहुधा मुद्दामच अडवलेली असते, आणि तेच बरं.

सगळ्यात वाईट म्हणजे दोन्हींची खिचडी. होस्ट्समध्येच ‘प्रिंटर.लोकल’ लिहून ठेवलं, तर लिनक्स सहसा आधी फाइल बघतं आणि हाक मारतच नाही. पत्ता बदलला की तासभर शोधत बसा. तपासायला पिंग ही आज्ञा वापरा. एनएसलुकअप ही दुसरी आज्ञा होस्ट्स फाइलकडे न बघता थेट डीएनएस सर्व्हरला विचारते, म्हणून ती ‘नाव सापडत नाही’ म्हणाली तरी घाबरू नका.

माझा कल सरळ डॉट लोकलकडे आहे. जुने डीव्हीआर हाकेला ओ देत नाहीत, तेवढ्यांसाठी पत्ता राखून होस्ट्समध्ये ओळ घाला, आणि फोनवर तोच आकडा बुकमार्क करून टाका.