वाळूजच्या गेटवर थांबवलेला कामगार आणि दोन कायदे

औद्योगिक विवाद कायदा 1 एप्रिल 1947 पासून लागू झाला तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, म्हणून तो इथल्या गिरणी कामगारापर्यंत पोचलाच नाही. पुढे 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. कारखानदारी खऱ्या अर्थाने वाढली ती औरंगाबादजवळच्या चिकलठाणा आणि वाळूजला. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना 1985चा. शेतीवाल्या घरांतून तिथे कामाला आलेल्या पोरांच्या हाती कायदा एकदम दोन रूपांत आला, आणि आजही गोंधळ होतो तो तिथेच.

पहिलं रूप 1947च्या कायद्याचं. मागच्या 12 महिन्यांत 240 दिवस भरलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावा लागे. पगारी रविवार आणि सुट्ट्या या 240मध्ये धरायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये सांगितलं. मात्र दिवस भरल्याचा पुरावा कामगारानेच द्यायचा, हे 2002 मध्ये ठरलं. बरीच प्रकरणं इथेच पडतात, कारण हजेरीपत्रक मालकाकडे आणि कामगाराकडे फक्त तोंडी हकिकत.

दुसरं रूप राज्याच्या 1971च्या कायद्याचं, जो 8 सप्टेंबर 1975 पासून अमलात आला. तो कामगारांशी होणाऱ्या अनुचित वागणुकीविरुद्धचा (‘अनफेअर लेबर प्रॅक्टिस’), म्हणून कोर्टात त्याला आणि त्याखालच्या तक्रारीलाही सगळे ‘युएलपी’ म्हणतात. सूड म्हणून किंवा खोट्या आरोपावर काढलं तर तक्रार कामगार न्यायालयात, वर्षानुवर्षं बदली कामगार म्हणून किंवा तात्पुरतं ठेवून परमनंट केलं नाही तर औद्योगिक न्यायालयात. अंतिम निकालाआधीच अंतरिम आदेश मिळू शकतो, हा त्याचा मोठा फायदा. मुदत 90 दिवसांची. उशिराचं सबळ कारण दाखवता आलं तरच पुढे दाद.

कंत्राटी कामगारासाठी हा रस्ता 2001 मध्ये अरुंद झाला. ‘हा आमचा कामगारच नाही’ असं कंपनीने म्हटलं, तर ते नातं आधी औद्योगिक विवाद कायद्याखाली सिद्ध करा, मगच युएलपी, असं सर्वोच्च न्यायालयाने सिप्ला प्रकरणात ठरवलं. दर काही महिन्यांनी ठेकेदार बदलणाऱ्या वाळूजला हा निकाल फार जड गेला. थेट युएलपी टाकणाऱ्याची वर्षं वाया जातात.

1981 पर्यंत रिटसाठी, म्हणजे उच्च न्यायालयातल्या अर्जासाठी, मुंबई गाठावी लागे. त्या वर्षी औरंगाबादला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचं काम सुरू झालं, आणि 1984 मध्ये ते कायम झालं.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1947च्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. बडतर्फीविरुद्ध दाद मागायची मुदत 3 वर्षांवरून 2 वर्षांवर आली. म्हणून गेटवर थांबवल्या दिवशीच पगाराच्या पावत्या, पीएफचा युएएन (खात्याचा क्रमांक), ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड आणि गेटपासचा फोटो एकत्र ठेवा, आणि कोऱ्या कागदावर सही देऊ नका: पुढे तोच कागद राजीनामा म्हणून समोर येतो.