सांध्यांतील स्फटिक आणि सोनोग्राफी : पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पायाचा अंगठा एका रात्रीत सुजून लाल झाला की सर्वांत आधी रक्तातील युरिक अॅसिड तपासले जाते. मात्र सूज ऐन भरात असताना तो आकडा मर्यादेत दिसू शकतो, आणि तो वाढलेल्या प्रत्येकाला गाउट (युरिक अॅसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा संधिवात) असतोच असेही नाही. १९६१ मध्ये सांध्यातून सुईने काढलेल्या पाण्यात युरेटचे (युरिक अॅसिडच्या क्षाराचे) स्फटिक ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले गेले, तेव्हापासून निदानाची तीच अंतिम कसोटी राहिली.

सांध्याच्या सोनोग्राफीला खरी गती आली ती या शतकाच्या पहिल्या दशकात. पडद्यावर कूर्चा (हाडाच्या टोकावरचे गुळगुळीत आवरण) काळ्या पट्ट्यासारखी व तिच्याखालचे हाड पांढऱ्या रेषेसारखे दिसते. युरेट कूर्चेच्या पृष्ठभागावर साचत असल्याने गाउटमध्ये वरच्या बाजूलाही दुसरी पांढरी रेषा उमटते, तर सांधे सुजवणाऱ्या दुसऱ्या एका स्फटिकाचे, म्हणजे कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे, ठिपके कूर्चेच्या आतच चमकतात. निरोगी सांध्यातही ध्वनिलहरी काटकोनात पडल्या तर वर तशीच रेषा दिसते, पण प्रोब (त्वचेवर टेकवायचे सोनोग्राफीचे उपकरण) किंचित तिरपा केला की ती नाहीशी होते. हा पडताळा न घेता दिलेल्या अहवालावर विसंबणे धोक्याचे ठरते.

वाद झाला तो गाउटच्या २०१५ मधील आंतरराष्ट्रीय वर्गीकरण निकषांवरून. सुजलेल्या सांध्यात स्फटिक सापडले तर प्रश्नच मिटतो. ते तपासलेले नसतील तर गाउट म्हणण्यासाठी किमान ८ गुण लागतात, आणि त्यांतले ४ गुण सोनोग्राफीतील दुहेरी रेषेला किंवा ड्युअल एनर्जी सीटीतील (दोन ऊर्जांच्या क्ष-किरणांनी युरेट वेगळे दाखवणाऱ्या स्कॅनमधील) युरेटला दिले गेले. तपासणाऱ्याच्या हातावर अवलंबून असलेल्या चित्राला महागड्या सीटीइतकेच वजन का, हा आक्षेप रास्त होता. तरीही सीमाभागासारख्या ठिकाणी, जिथे सीटीचा खर्च व प्रवास अनेकांना झेपत नाही, तो निर्णय उपकारकच म्हणावा लागेल. शिवाय औषधाने युरेट दीर्घकाळ आटोक्यात राहिले की ही रेषा विरत जाते, त्यामुळे उपचार लागू पडतो आहे का, हेही तिच्यावरून पाहता येते.

युरोपात संधिवाततज्ज्ञ बाह्यरुग्ण विभागातच प्रोब हातात घेतात. आपल्याकडे मात्र गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे गर्भ तपासू शकणारे यंत्र नोंदवावे लागते, आणि २०१२ पासून ते यंत्र नोंदणीकृत जागेबाहेर नेण्यावर कडक बंधने आहेत. कायद्याचा हेतू निर्विवाद आहे. पण त्यामुळे अंगठा सुजलेला शेतकरी गर्भलिंगनिदान होत नसल्याचे सांगणाऱ्या कन्नड फलकाखाली रांगेत बसतो, आणि त्याचा सांधा पाहणारे रेडिओलॉजिस्ट व औषध लिहिणारे डॉक्टर बहुधा वेगवेगळे असतात. नोंदणी जिल्हा पातळीवर होत असल्याने बेळगावातले यंत्र शिबिरासाठी हद्दीपलीकडे चंदगडला नेणेही सहज शक्य नसते.

२०२३ मध्ये कॅल्शियम पायरोफॉस्फेटच्या विकारासाठीही गुणांवर आधारित निकष आले आणि त्यांत एक्स-रेच्या जोडीने सोनोग्राफीला स्थान मिळाले. वयस्कर रुग्णाच्या गुडघ्यातील सूज ‘झीज’ म्हणून सोडून देण्याआधी कूर्चेत व गुडघ्याच्या गादीत (मेनिस्कसमध्ये) ठिपके आहेत का, हे तपासून अहवालात लिहिण्याची मागणी आता उपचार करणाऱ्या डॉक्टरांना निकषांच्या आधारे करता येते.