सिमकार्ड फुकट वाटण्यामागचा हिशेब

सिमकार्ड फुकट मिळतं खरं, पण ते बहुधा आपल्या मालकीचं होत नाही. अनेक कंपन्यांच्या अटींमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की कार्ड कंपनीचंच, ग्राहकाला ते फक्त वापरायला दिलेलं आहे. किमतीचा विचार करताना ही ओळ लक्षात ठेवावी.

आधीच्या अॅनालॉग मोबाइलमध्ये ग्राहकाची ओळख सहसा फोनच्या यंत्रातच भरलेली असे. ती हवेतून टिपून दुसऱ्या फोनमध्ये घालायची आणि बिल भलत्याच्याच माथी मारायचं, हा धंदा तेव्हा जोरात होता. युरोपात जीएसएम ही डिजिटल मोबाइल पद्धत आखताना ही ओळख वेगळ्या कार्डात ठेवली गेली. चिपमध्ये एक गुप्त किल्ली असते. नेटवर्क कुठलाही एक आकडा पाठवतं, कार्ड किल्लीच्या मदतीनं त्याचं उत्तर काढतं आणि फक्त उत्तर परत जातं. किल्ली कार्डाबाहेर पडत नाही. म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंटनं १९९१ मध्ये फिनलंडच्या रादिओलिन्या कंपनीला पहिली ३०० सिमकार्डं विकली. आकार थेट एटीएम कार्डाएवढा!

तेव्हा कार्ड वाटत सुटण्याचं कारणच नव्हतं. ग्राहकाची पत तपासायची, करार करायचा, महिन्याला बिल पाठवायचं. सूट मिळायची ती हँडसेटवर.

प्रीपेडनं हे सगळं पालटलं. पोर्तुगालच्या टीएमएन कंपनीनं १९९५ मध्ये 'मिमो' ही रिचार्ज करता येणारी सेवा आणली. पैसे आधीच हातात पडले की बिल बुडण्याची भीती नाही. मग ग्राहक पारखून घ्यायचा कशाला?

त्यात भर पडली टर्मिनेशन चार्जची. कॉल करणाराच पैसे मोजतो अशा देशांत, कॉल ज्या नेटवर्कवर जाऊन पोहोचतो त्या कंपनीला पलीकडची कंपनी मिनिटाच्या हिशेबानं पैसे देते. एखाद्यानं सिम घेऊन स्वतः एकही कॉल केला नाही, नुसते येणारे कॉल घेतले, तरी सिम देणाऱ्या कंपनीच्या गल्ल्यात भर पडायची. मला तरी फुकट सिमचं मूळ इथंच दिसतं. प्लास्टिक आणि चिप स्वस्त झाल्यानं वाटणं परवडू लागलं, एवढंच.

पुढं नियामकांनी हा दर खाली आणला. युरोपीय संघात तर २०२४ पासून तो मिनिटाला जेमतेम ०.२ युरो सेंट आहे. ती कमाई आटली, वाटप मात्र चालूच राहिलं. चालू सिम म्हणजे एक ग्राहक, असं मोजून कंपन्या गुंतवणूकदारांना आकडे दाखवतात. कित्येक देशांत माणसांपेक्षा सिम जास्त आहेत ते उगाच नाही. शिवाय १९९७ मध्ये सिंगापूरनं वाट दाखवल्यावर नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशोदेशी आली. समोरच्याचा ग्राहक फोडायचा तर दारातच पैसे मागून कसं चालेल? वसुली पहिल्या रिचार्जपासून सुरू होते आणि मुदत संपून वाया गेलेली शिल्लकही बऱ्याचदा कंपनीच्याच पदरात पडते. सिम पडून राहिलं तर ठरावीक काळानं नंबर काढून घेऊन दुसऱ्याला देता येतो, त्यामुळे तोटा फारसा नाहीच.

कार्ड मात्र आक्रसत गेलं. २०१२ मधलं नॅनो सिम १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं होतं, तर २०२२ मध्ये अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ ला सिमचा खणच नव्हता. फोनमध्येच बसवलेल्या ई-सिममध्ये हातात ठेवायला वस्तू उरत नाही, म्हणून काही कंपन्या आता क्यूआर कोडसोबत थोड्या दिवसांचा डेटा फुकट देतात.