फाटका कोड, शाबूत मजकूर

"कोड फाटलाय, चला पुढं." सहलीच्या हंगामात संग्रहालयात हे वाक्य हमखास कानावर पडतं. डिसेंबर उजाडला की खानापूर, निपाणी, बेळगाव भागातल्या शाळांच्या बसगाड्या कित्तूर, विजयपूर, कोल्हापूरच्या वाटेला लागतात. वस्तूशेजारी क्यूआर कोड असलाच, तर कुणीतरी नखानं खरवडलेला, नाहीतर ओल लागून पुसट झालेला. सर एक नजर टाकतात आणि मोबाईल न काढताच पोरांना पुढं हाकतात. गंमत म्हणजे सकाळी भज्यांच्या गाड्यावरचा तेलकट, उन्हानं विटलेला कोड याच सरांनी बिनधास्त स्कॅन केलेला असतो!

क्यूआर कोड जन्मला तोच मळायच्या तयारीनं. 1994 मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बनवला. कारखान्यात तेल, धूळ, ओरखडे असायचेच. कल्पना सुचली ती 'गो' या खेळाच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या पटावरून. (आपल्याकडची पूजेची यंत्रं म्हणजे प्राचीन क्यूआर कोड, अशा छापाचे मेसेज फिरत असतात. यंत्रांची भूमिती सुरेख असते, वाद नाही. पण यंत्राचा मधलाच एक तुकडा खोडून पाहा, तो आपला आपण भरून येतो का?)

क्यूआर कोडात मात्र तो खरोखर भरून येतो. कसा, ते पाहण्यासारखं आहे.

समजा, मला तुम्हाला दोनच आकडे कळवायचे आहेत: 3 आणि 5. आलेखाच्या कागदावर पहिल्या स्थानी 3 आणि दुसऱ्या स्थानी 5 उंचीवर ठिपके दिले. दोन ठिपक्यांतून एकच सरळ रेषा जाते, हे सातवी-आठवीचं गणित. ती रेषा पुढं वाढवली की तिसऱ्या स्थानी 7 आणि चौथ्या स्थानी 9 मिळतात. मग मी दोनाऐवजी चार आकडे पाठवतो: 3, 5, 7, 9. वाटेत दुसरा आकडा बिघडून तुमच्या हाती 3, 8, 7, 9 पडले. तुम्ही ठिपके मांडलेत की पहिला, तिसरा आणि चौथा एका रेषेत येतात आणि दुसरा बाहेर लोंबतो. दुसरी कुठलीही रेषा काढा, तिच्यावर तीन ठिपके बसत नाहीत. म्हणजे चूक झाली एवढंच नव्हे, तर कुठं झाली आणि मूळ आकडा कोणता होता, तेही कळलं. मला परत विचारायची गरजच उरली नाही.

नऊ आकडे पाठवायचे असतील तर सरळ रेषेऐवजी आठव्या घातापर्यंतचा वक्र घ्यायचा. ही युक्ती आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी 1960 मध्ये मांडली. खऱ्या वक्रावर आकडे भराभर फुगतात, अपूर्णांक घुसतात. त्यावर तोड म्हणून 0 ते 255 एवढ्या 256 संख्यांचं एक बंदिस्त जग घेतात. तिथं 1 अधिक 1 शून्य होतात, आणि शून्य सोडून कशानंही भागलं तरी उत्तर त्याच 256 मध्ये राहतं. इथं डोकं गरगरलं तर हा भाग सोडून द्या. क्यूआरमधली प्रत्यक्ष आकडेमोड थोडी निराळ्या वाटेनं जाते, तत्त्व हेच. युरेनसजवळून व्हॉयेजर 2 यानानं छायाचित्रं पाठवली तीही याच राखणीखाली.

सर्वांत लहान क्यूआर कोड 21 गुणिले 21 घरांचा. राखणीची सर्वांत कडक पातळी निवडली तर त्यातल्या 26 संकेतांपैकी (एक संकेत म्हणजे त्या 256 मधली एक संख्या) मजकुराचे फक्त 9; उरलेले 17 पहारेकरी. 8 संकेत नासले तरी मजकूर शाबूत. साधारण 30 टक्के! मात्र कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन वाचले पाहिजेत. मधोमध रेघ मारली तर त्यांच्यात काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण 1:1:3:1:1 येतं आणि त्यावरूनच कॅमेऱ्याला कोड सापडतो. डाग मध्ये पडला तर काळजी नाही, कोपरा गेला तर वांधे.

आता आपल्या मुलखातला उपयोग. कर्नाटकातल्या संग्रहालयातली पाटी बहुधा कन्नड आणि इंग्रजीत असते. मराठी शाळेतली मुलं कन्नड शिकतात, पण शिलालेख, मूर्तिकला म्हटलं की अडखळतात. पाटीच्या भाषेवरून आमच्याकडे काय काय होतं ते सांगायला नको. असलेली पाटी असू द्या, शेजारी मराठी मजकुराचा चार बोटांचा कोड चिकटवा. त्याला बघून कुणाचं पित्त खवळणार नाही.

किल्ल्याच्या जाड भिंतींआड रेंज नसते, हीही सबब चालत नाही. कोडात लिंकच असावी असं थोडंच आहे? मजकूर थेट कोडात भरता येतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट (बाइट म्हणजे 0 ते 255 मधली एक संख्या) खातं आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. 'वीरगळ'ला (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड) 15 बाइट लागतात. तरी मध्यम राखणीच्या 69 गुणिले 69 घरांच्या कोडात 331 बाइट, म्हणजे शंभरावर चिन्हं मावतात. "वीरगळ खालून वर वाच. खाली लढाई. मध्ये वीराला कोण नेतंय? वर तो कुणाची पूजा करतोय?" एवढं त्यात आरामात बसतं. हे वाचून पोरगं मान वर करून दगडाकडे बघतं. डोळ्यांवर आभासी दृश्यांचा चष्मा चढवून कित्तूरची राणी चन्नम्मा घोड्यावरून समोर आणण्याची स्वप्नं दाखवणारे बरेच भेटतात. त्या खर्चात तालुक्याच्या सगळ्या शाळांचं बसभाडं निघेल, आणि मुलं खरी तलवार सोडून चित्रातली बघत बसतील.

ब्रिटनमध्ये 2006 च्या सुमारास 'मायआर्टस्पेस' प्रकल्पात मुलांना फोन दिले होते. वस्तूशेजारची दोन अक्षरं फोनवर टाइप केली की तिची माहिती मिळायची आणि ती वस्तू मुलाच्या ऑनलाइन संग्रहात जमा व्हायची. शाळेत परतल्यावर त्यातूनच मुलं आपापलं दालन मांडायची. आपल्याकडे सहलीत मुलांना फोन आणू देत नाहीत, पण पाच जणांत एका शिक्षकाचा किंवा पालकाचा फोन पुरतो. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी बघायचं.

कोड स्कॅन केला की खात्यातून पैसे जातात, ही भीती अनेक पालक बोलून दाखवतात. स्कॅन म्हणजे नुसतं वाचणं. यूपीआयनं पैसे द्यायचे तर स्कॅननंतर आपण वेगळी मंजुरी द्यावी लागते, बहुधा पिन टाकून. फसवणूक होते ती कोडावर दुसरा कोड चिकटवून भलत्याच लिंकवर नेलं तर. म्हणून कोड काचेआड लावावा. कडेनं चार घरांएवढी पांढरी जागा सोडावी, चकचकीत लॅमिनेशन टाळावं, आणि जितक्या अंतरावरून स्कॅन करायचा त्याच्या निदान दहाव्या हिश्शाएवढा तो रुंद असावा: पाच फुटांवर कठडा असेल तर सहा इंच. 69 घरांचा दाट कोड असेल तर त्याहून मोठा.