ज्यूडिया ‘जिंकल्याचं’ नाणं

इ.स. ७१ मध्ये रोमच्या टाकसाळीत सम्राट व्हेस्पासियनच्या नावाने एक सेस्टर्शियस, म्हणजे मोठं रोमन नाणं, पाडलं गेलं. संग्राहक त्याला सरसकट ब्रॉन्झचं म्हणतात, पण धातू बहुतेक पितळच. आज काळपट-हिरवं दिसणारं हे नाणं नवं असताना पिवळंधमक असे. वजन साधारण २५ ग्रॅम.

पुढच्या बाजूला लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेला सम्राट आहे. मान जाड, चेहरा राकट. तरुण देवासारखा दाखवायचा खटाटोप नाही. मागच्या बाजूला मधोमध खजुराचं झाड. झाडाखाली एक ज्यू स्त्री डोक्याला हात लावून बसली आहे. काही ठशांत तिच्या पाठीशी भाला घेतलेला सम्राट उभा आहे, एक पाय शत्रूच्या शिरस्त्राणावर. काहींत त्याच्या जागी हात बांधलेला कैदी. कडेने लॅटिन अक्षरं आहेत, ‘यूडाइआ काप्टा’: ज्यूडिया (जेरुसलेमभोवतीचा ज्यूंचा प्रदेश) जिंकला.

खरी मेख इथेच आहे. ज्यूडिया इ.स. ६ मध्येच रोमचा प्रांत झाला होता. ६६ मध्ये तिथे बंड झालं, ७० मध्ये व्हेस्पासियनचा मुलगा टायटस याने जेरुसलेम घेतलं, तिथलं ज्यूंचं मंदिर भस्मसात झालं. म्हणजे मोडलं होतं ते स्वतःच्याच प्रांतातलं बंड. मग जिंकल्याचा डंका कशाला? कारण सम्राट नीरोच्या मृत्यूनंतर ६९ या एका वर्षात चार सम्राट झाले आणि रोमन सैन्यं एकमेकांवर तुटून पडली. स्वकीयांना मारून मिळवलेल्या गादीचा उत्सव कसा करणार? व्हेस्पासियनच्या मागे जुन्या सरदार घराण्याचं वलयही नव्हतं. त्याला परक्यावरचा विजय हवा होता. नमुना समोर होताच: आधीची एक यादवी संपल्यावर पहिला सम्राट ऑगस्टस याने मगरीचं चित्र घालून ‘इजिप्त जिंकला’ अशी नाणी काढली होती. पण इजिप्त तेव्हा खरोखरच नव्याने हाती आला होता.

ज्यूडियात तर ७१ मध्ये लढाईही संपली नव्हती. तिथला मसाडाचा किल्ला बंडखोरांच्याच हातात होता.

पराभवाचा भार मात्र साऱ्या साम्राज्यातल्या ज्यूंवर पडला. जेरुसलेमच्या मंदिराला ते देत असलेली वर्गणी आता कर म्हणून रोमच्या ज्युपिटरच्या देवळासाठी वसूल होऊ लागली, बायकामुलांकडूनही. पुढे व्हेस्पासियनचा धाकटा मुलगा सम्राट डोमिशियन याच्या काळात त्या वसुलीत जुलूम झाला. इ.स. ९६ मध्ये त्याच्यानंतरचा सम्राट नर्व्हा याने हा जुलूम थांबवल्याचं जाहीर केलं, तेही सेस्टर्शियसवरच आणि पुन्हा खजुराच्या झाडासह. कर मात्र चालूच राहिला.